गुडघ्याखालची चार बोटं

जानेवारी लागला की आमच्या शाळेच्या मैदानावर सकाळी साडेसातला ढोल सुरू होतो. सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तालीम. मंगरूळपीरच्या थंडीत ढोलाचं कातडं गारठलेलं असतं, त्यामुळं तो ढोलासारखा वाजत नाही, रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा वाजतो. त्याच दिवसांत तुरी निघालेल्या असतात. आजूबाजूच्या शेतांत मळणीयंत्रं घरघरत असतात आणि तुरीचं बारीक कुटार, म्हणजे भुसा, वाऱ्यावर बसून गावात येतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहाच्या कपात, माणसांच्या नाकात. गाव शिंकतं. मी शिंकत नाही. माझा उजवा गुडघा दचकतो.

दुखत नाही तो आता. पण मार खाल्लेला विद्यार्थी मोठेपणी बाजारात मास्तर दिसल्यावर जसा नकळत दचकतो, तसं त्याचं होतं. ढोल आणि कुटार एकत्र आले की त्याला गेल्या वर्षीचा हिवाळा आठवतो. मलाही आठवतो, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडतो. पन्नास वर्षांच्या आयुष्यात इतकं मन लावून मला कुणी छळलं नव्हतं. मन लावून केलेल्या कामाचं मला पहिल्यापासून कौतुक आहे.

मी शाळेत पी.टी.चा मास्तर. बाकीचे मास्तर पुस्तकातलं शिकवतात, मी उभं राहायला शिकवतो. तुम्ही हसाल, पण उभं राहता येणारी माणसं फार थोडी असतात. 'सावधान' म्हटल्यावर टाचा जुळल्या पाहिजेत, पंजे उघडे, मुठी मांडीला, नजर समोर, आणि गुडघे मागे ओढलेले, कुलूप लावल्यासारखे. मुलं बाकी सगळं करतात आणि गुडघ्यात लबाडी करतात. मग मी ओळीच्या मागून दबक्या पावलांनी फिरायचो आणि एखाद्याच्या गुडघ्याच्या लवणीत बुटाच्या टोकानं हलकेच टोचायचो. कुलूप लागलेलं असेल तर पोरगं हलत नसे. नसेल तर ते पुढच्याच्या पाठीवर कोसळे, पुढचा त्याच्या पुढच्यावर, आणि सगळं मैदान खदखदे. त्या पडलेल्याला मी ओट्यावर उभं करायचो, नाव ठेवायचो आणि ते नाव त्याला दहावीपर्यंत पुरायचं. वाकडी खुंटी. बोकड्या. ढिला नट. नावं ठेवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्या काळात मी स्वतःला विनोदी माणूस समजत असे.

आणि मग त्या हिवाळ्याआधीच्या सप्टेंबरात, तालुक्याच्या स्पर्धांसाठी लांब उडीची पोरं निवडताना, मी त्यांच्यावर संतापलो. "म्हशी बऱ्या तुमच्यापेक्षा! सरका बाजूले, दाखवतो!" असं म्हणून एकोणपन्नासाव्या वर्षी, नाश्त्याला दोन प्लेट पोहे खाल्लेल्या अवस्थेत, मी धावलो. धाव सुरेख होती. उडी सुरेख होती. हवेत असताना मला स्वतःचा अभिमान वाटल्याचंही आठवतं. खाली आलो तेव्हा उजवा पाय वाळूत रुतला आणि मी वळलो, पण पाय वळला नाही. आतून ओली काडी मोडावी तसा आवाज आला. मी आडवा पडलो आणि ओरडलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सर चुकीची उडी कशी असते ते दाखवून राह्यले.

गुडघ्यातला दोरीसारखा बंध तुटला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी तो नवा करायचं ठरवलं. मांडीच्या मागची एक शीर काढून गुडघ्यात ओवायची, स्क्रूनं आवळायची. ऑक्टोबर संपता संपता, सोयाबीन निघून शेतं मोकळी पडली होती, तेव्हा ते झालं. घरी पाठवताना त्यांनी व्यायामाचा एक छापील कागद दिला. तो मी वाचला नाही. चोवीस वर्षं दुसऱ्यांना व्यायाम शिकवणाऱ्यानं व्यायामाचा कागद काय वाचायचा? माझ्या बायकोनं, मंगलानं, तो जपून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवला. आमच्याकडे महत्त्वाचे कागद तिथं ठेवतात आणि तिथून ते पुन्हा कुणी काढत नाही.

मग सुरू झाली माया.

आसेगावहून सासूबाई आल्या. त्यांना मी मामी म्हणतो. सत्तरीच्या, काटक, आणि कुणाचं दुखणं म्हटलं की ज्यांच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं अशा. त्यांनी पाहिलं की जावयाचा पाय सरळ ठेवला की जावई कण्हतो, आणि वाकवून ठेवला की गप्प बसतो. निदान झालं. त्याच दुपारी त्यांनी घरच्या कापसाची एक गोल, टणक, लोडासारखी उशी शिवली, वर आपल्या जुन्या लुगड्याचा अभ्रा घातला आणि ती माझ्या गुडघ्याखाली सारली. "आता पाहा, जवाईबापू, कसं वाटते."

स्वर्ग वाटला. खोटं का सांगू.

त्यात आमची बाज. सुताच्या पट्ट्यांची, मधोमध झोळी झालेली. झोळीत मी, माझ्या गुडघ्याखाली उशी. भेटायला गाव लोटलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही आणि हात न लावता जात नाही. डझनभर केळी ठेवायची, चहा प्यायचा आणि उठताना आजाऱ्याची उशी नीट करायची, ही रीत. जो येई तो माझ्या गुडघ्याखालची उशी जरा वर सारून जाई. "असं ठेवा सर, असं बरं वाटते." एकानं तर घरून आणखी एक उशी आणली. सहा आठवडे मी असा होतो, गुडघा उंच, जगाच्या मायेवर टेकलेला. आणि त्या मायेत गुडघा हळूहळू, बिनबोभाट, वाकडा गोठत चालला होता.

डिसेंबरात अकोल्याला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी टाच धरली, गुडघा खाली दाबला. तो खाली गेला नाही. त्यांनी दोन दांड्यांचा प्लास्टिकचा कोनमापक लावला.

"अठरा अंश कमी आहे. व्यायाम काय केले?"

मी मंगलाकडे पाहिलं. मंगलानं छताकडे पाहिलं. मामींनी कौतुकानं उशीची गोष्ट सांगितली.

डॉक्टर मामींना काही बोलले नाहीत, मला बोलले. बारा आठवड्यांपर्यंत गुडघा सरळ झाला नाही, तर आत जाळं धरतं. मग पुन्हा भूल द्यायची, पुन्हा आत जायचं, ते जाळं कापायचं. तरीही लंगडणं राहू शकतं. "जानेवारीच्या चोवीसला या. तोवर काय ते करा."

चोवीस जानेवारी. दोन दिवसांनी सव्वीस. चोवीस वर्षं त्या मैदानावर 'सावधान' मी दिलं होतं. अठरा अंश वाकलेल्या गुडघ्यानं 'सावधान' देणारा पी.टी. मास्तर म्हणजे तोतरा वकील. लोक दयेनं ऐकतील आणि घरी जाऊन नक्कल करतील. नक्कल कशी करतील तेही मला माहीत होतं. मीच सगळ्यांत आधी केली असती.

वाशीमला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवणारी सना आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. बाप कापडाचा दुकानदार, ती स्वतः आमच्याच शाळेत शिकलेली. संध्याकाळच्या बसनं ती वाशीमहून परत येई, चहा पिई आणि मग आमच्याकडे येई. आली त्या पहिल्या दिवशी दारातच थबकली, बाजेकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि हसली. मला ते हसू ओळखीचं वाटलं. गुडघ्यात लबाडी करणारं पोरगं सापडल्यावर मी तसाच हसायचो.

"ही उशी कोणाची हाय?"

"माहीवाली," मामी म्हणाल्या. "माह्याच हातची."

"लय सुंदर शिवली, आजी. हिच्यापायीच सरचा पाय असा झाला."

मामींचा चेहरा पडला. त्या उशी उचलून आत गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मंगला मला म्हणाली, "तुमी कायले काही बोलले नाई? माह्या मायनं सहा हप्ते तुमची सेवा केली." मी काय बोलणार? मी स्वतः त्या उशीवर सहा आठवडे राजासारखा लोळलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून बाज उभी भिंतीला लागली आणि मी लाकडी दिवाणावर आलो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याखाली काहीच नाही. मधली पोकळी. सना त्या पोकळीत हात घालून मोजायची. तिचा कोनमापक दवाखान्यातच राही. घरी तिची बोटं. पहिल्या मोजणीला चार बोटं आरामात गेली, आडवी, अंगठीसकट.

"चार बोटं, सर. मले यातलं एकबी बोट नाई पाह्यजे."

मग तिनं गुडघ्यावर दोन्ही तळहात ठेवले आणि अंगाचं वजन टाकलं.

त्या दुखण्याचं वर्णन करायला मी बराच विचार केला आहे. दुखणं अंगात येतं तसं ते आलं नाही. ते खोलीत आलं. खोलीतल्या प्रत्येक वस्तूला ते झालं. भिंतीवरच्या कॅलेंडरला, पंख्याला, कोपऱ्यातल्या केळ्यांना. मी ओरडलो ते शब्द लिहिण्यासारखे नाहीत. शेजारच्या घरात टीव्हीचा आवाज कमी झाला, नीट ऐकू यावं म्हणून.

"सर, अजून तर मी दाबलंच नाई," सना म्हणाली. "ढिला सोडा पाय. कायले ताठवून राह्यले?"

"अगं, तुटन नं तो!"

"तुटत नाई. म्या मोजून देऊन राह्यली. दोन मिनिटं."

दोन मिनिटं किती लांब असतात हे मी चोवीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो. मला ते मुळीच माहीत नव्हतं.

जाताना तिनं गृहपाठ दिला. दिवसातून चार वेळा पालथं झोपायचं, गुडघ्यापासून खालचा पाय दिवाणाच्या कडेबाहेर लोंबकळत सोडायचा, घोट्याला वजन बांधायचं. आणि चार वेळा उताणं झोपून, टाच टॉवेलवर, गुडघ्यावर वजन. वजन म्हणून मंगलानं आधी पाण्याची बाटली ठेवली. ती घरंगळून जमिनीवर पडायची. आणि तेव्हा मामींचा रुसवा संपला. एक दिवस त्या शिलाई मशीनवर बसल्या, त्याच लुगड्याच्या अभ्र्यातून एक लांबट पिशवी शिवली आणि आसेगावच्या घरची नवी तूर तिच्यात भरली. तूर अंगावर बरोबर बसते, घरंगळत नाही, गुडघ्याच्या आकाराला धरून राहते. आसेगावच्या शेतातली तूर, अजून ऊन लागलेला वास असलेली, माझ्या गुडघ्यावर.

मला वाटलं, चला, एवढं तर हलकं आहे. दुसऱ्या दिवशी जरा जड वाटलं. तिसऱ्या दिवशी आणखी. मी म्हटलं, थंडीनं अंग जड झालं असेल. आठवड्यानं मी कण्हत मंगलाला म्हटलं, "हे कालच्यापेक्षा जड हाय." ती म्हणाली, "तुमी नाजूक होऊन राह्यले." मग एका दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो आणि पिशवीची शिवण हळूच उसवल्याचा, मूठभर दाणे आत ओतल्याचा आवाज ऐकला. डोळे उघडले तर मामी. तोंडात सुई, हातात दोरा, चेहऱ्यावर भक्तिभाव.

"मामी! रोज घालून राह्यल्या तुमी?"

"एकच मूठ घालतो, जवाईबापू. सनानं सांगतलं, रोज एक मूठ. तुमाले सांगू नका म्हणे, नाई तं तुमी बोंबलसान."

ज्या मायेनं माझा पाय वाकडा केला होता, ती आता तेवढ्याच निष्ठेनं त्याच्यावर तूर ओतत होती. मायेला दिशा नसते, जोर असतो. त्या हिवाळ्यात मला हे कळलं आणि त्याचा मला काहीही उपयोग झाला नाही.

गल्लीतले लोक संध्याकाळी हवापाण्याच्या गोष्टी करायला आमच्या ओट्यावर बसू लागले. वेळ सनाच्या येण्याची. चहा मंगला करायची. आतून माझा आवाज आला की बाहेर कुणीतरी म्हणायचं, "आज लवकर सुरू झालं." एकजण मोजायचा, सर किती वेळा आईला हाक मारतात आणि किती वेळा सनाच्या बापाला. मी आतून त्यांना नावं ठेवायचो, जोरात, ठेवणीतली, आणि बाहेर हशा पिकायचा. सना म्हणायची, "सर, बोलत राहा. बोलताना तुमचा पाय ढिला पडते." मग मी बोलायचो, आणि ती दाबायची.

तीन बोटं झाली. मग अडीच. मग दहा दिवस अडीचच.

त्या अडीच बोटांवर मी माणूस म्हणून खचलो. मला वाटायला लागलं, ही मुद्दाम करते आहे. हिला आठवतं आहे. कारण मला आठवत होतं. आठवीतली सना ओट्यावर उभी, पाय धनुष्यासारखे, मी तिला 'कमान' म्हटलं होतं, आणि ढोल वाजत असताना अख्खी शाळा 'कमान, कमान' म्हणत पाय आपटत होती. त्या आठवणीनं मी चार दिवस घुसमटलो. पाचव्या दिवशी तिचे तळहात गुडघ्यावर आले, तेव्हा मी डोळे पुसले, गळा साफ केला आणि माफी मागितली. माफी छान झाली होती. आवाज योग्य ठिकाणी फुटला होता. ओट्यावरच्या मंडळींनीही चहा थांबवला असावा.

"बेटा, आठवीत तुले मी कमान म्हणलो होतो. सगळ्या शाळेपुढं. मले माफ कर."

सनाचे हात थांबले. ती आठवायला लागली. खरंच आठवायला लागली. कपाळाला आठी घालून, छताकडे बघत.

"मले नाई, सर. कमान ती दुसरी. फरजाना. मले तुमी बगळा म्हणत होते."

बाहेर कुणीतरी हसणं दाबलं.

"बगळा?"

"हो नं. माह्ये पाय लांब होते. दहावीपर्यंत बगळाच. माहा अब्बू बी लाडानं मले बगळा म्हणते आता." ती हसली. त्या हसण्यात काही नव्हतं. मी शोधलं, मला हवं होतं, पण नव्हतं. "फरजानाचे पाय वाकडे होते, तिले कमान."

"मग ती कुठं असते आता?"

"ती आठवीतूनच घरी बसली सर. पुढं शाळेत आलीच नाई."

"माह्यामुळं?"

सनानं खांदे उडवले. "काय मालूम सर. तिनं कधी सांगतलं नाई. ढिला सोडा पाय."

आणि तिनं दाबलं.

त्या संध्याकाळी मी ओरडलो नाही. ओट्यावरच्या लोकांची निराशा झाली. सना बोटं आत घालून म्हणाली, "पाहा, आज दोन झाले. ताठवला नाई म्हणून." ती खूश होती. तिला फक्त माझा गुडघा हवा होता. बदल्यात मी देऊ केलेलं बाकी सगळं तिनं न बघता बाजूला ठेवलं, भेटीला आलेल्या केळ्यांसारखं. तिनं सूड घेतला असता तर मला किती बरं वाटलं असतं! सूड म्हणजे आपण कुणाच्या तरी लक्षात राहिलो. इथं मी आयुष्यभर नावं वाटत फिरलो होतो, आणि कुणाला कोणतं दिलं हेही मला धड आठवत नव्हतं. फरजानाचा चेहरा मी त्या रात्रीच काय, आजही डोळ्यांपुढं आणू शकत नाही. नुसते पाय दिसतात.

पडून पडून माणूस फार विचार करतो. मी गुडघ्यांचा विचार केला. जगातली सगळी चांगली कामं वाकल्या गुडघ्यानं होतात. जेवायला बसणं, शेकोटीपाशी उकिडवं बसून हुरडा खाणं, मूल मांडीवर घेणं, पेरणं, निंदणं, नमाज, पूजा, खाटेवर अंगाची मोटली करून झोपणं. सरळ गुडघ्यानं माणूस दोनच वेळा दिसतो, झेंड्यासमोर आणि तिरडीवर. बाकी सगळं आयुष्य वाकण्यात जातं. आणि मी नेमकं ते न वाकणं शिकवण्याचा पगार घेत होतो. हा विचार मी मंगलाला सांगितला. ती म्हणाली, "तुमची पिशवी सरकली," आणि पिशवी नीट केली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक भेटायला आले. केळी आणली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाले, "काळजी करू नका, सर. सव्वीसची सगळी व्यवस्था झाली. आपले चित्रकलेचे इंगोले सर परेड घेऊन राह्यले. तुमच्यासाठी मंडपात खुर्ची ठेवतो. समोरच्या रांगेत."

"खुर्ची?"

"राष्ट्रगीताले उठता नाई आलं तरी चालन. लोक समजून घेतात."

लोक समजून घेतात! मी इतकं क्रूर वाक्य त्या हिवाळ्यात दुसरं ऐकलं नाही. आणि इंगोले! जे पोरांना "बाळांनो, सावधान बरं का," असं म्हणत होते. मैदानावरून त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, मध टाकलेल्या दुधासारखा. त्याहून वाईट म्हणजे पोरं सावधान उभी राहत होती. मागून कुणी टोचत नव्हतं तरी. हे मला आमच्याच गल्लीतल्या एका पालकानं मुद्दाम येऊन सांगितलं, आणि माझा चेहरा बघायला क्षणभर थांबला.

त्याच दिवशी मी मामींना म्हटलं, आजपासून दोन मुठी घाला.

दीड बोट. एक बोट. शेवटी नुसती करंगळी, तीही नखापर्यंत. चोवीस तारखेला अकोल्याला डॉक्टरांनी कोनमापक लावला तेव्हा मी, मंगला, मामी, तिघांनी श्वास धरला होता. मामींनी तर पिशवी बरोबर आणली होती, डॉक्टरांना दाखवायला.

"दोन अंश राहिलेत," डॉक्टर म्हणाले. "छान. पुन्हा आत जायची गरज नाही. हे दोन चालता चालता येतील, महिन्या-दोन महिन्यांत. घाई करू नका."

मामींनी डॉक्टरांच्या टेबलाला हात लावून नमस्कार केला. मंगला रडली. मी मनात हिशेब करत होतो. महिना-दोन महिने माझ्याकडे नव्हते, दोन दिवस होते.

सव्वीसच्या सकाळी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, खुर्ची काढा. संचलन इंगोल्यांनी घ्यावं, पण झेंड्याच्या वेळचं एक 'सावधान' माझं. ते घुटमळले. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढं अजून मला येतं.

थंडी होती. मैदानावर चुन्याच्या रेषा, ओळीत उभी पोरं, तोंडातून वाफा. मंडपात पाहुणे, गावची मंडळी, कडेला बायका. मी मैदानाच्या मधोमध चालत गेलो. काठी न घेता, सावकाश. साडेचारशे डोळे माझ्या पायाकडे. मी थांबलो, छाती भरली आणि दीड महिन्याची सगळी ओरड एका शब्दात घातली.

"साऽऽऽवधान!"

टाचा वाजल्या. माझीही वाजली. आणि मग मी ते केलं जे करू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. मांडी आवळली, गुडघ्याची वाटी वर ओढली आणि उरलेले दोन अंश मागे रेटले. आत काहीतरी कर्रकन सरलं. कुलूप लागलं. झेंडा फडकला, फुलं पडली, राष्ट्रगीत सुरू झालं. बावन्न सेकंद. मी ते बावन्नही मोजले. एकेक सेकंद त्या गुडघ्यातून, सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओढावा तसा गेला. तिसाव्या सेकंदाला डोळ्यांत पाणी आलं. चाळिसाव्याला ते गालावर आलं. मी नजर हलवली नाही, पण कडेनं सगळं दिसत होतं. मंडपातल्या पहिल्या रांगेतल्या एकाचाही गुडघा सरळ नव्हता. पाहुण्यांचा नाही, मुख्याध्यापकांचा नाही. एक डावीकडे कलला होता, एक दोन्ही पायांनी अर्धा बसला होता. त्या अख्ख्या मैदानावर त्या क्षणी सर्वांत सरळ गुडघा माझा होता, आणि तो फुल पँटीच्या आत होता. कुणाला दिसायचं काही कारणच नव्हतं. मी दीड महिना ज्याच्यासाठी बोंबललो, ते इस्त्रीच्या कापडामागे, एकटं, अंधारात, सरळ उभं होतं.

राष्ट्रगीत संपलं. मुख्याध्यापक माइकपाशी गेले, भाषणाचा कागद उघडला आणि पुन्हा मिटला.

"आपण सगळ्यांनी आत्ताच पाह्यलं," ते म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचाही आवाज जड झाला. "राष्ट्रगीत चालू असताना आपल्या सरच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. विद्यार्थ्यांनो, देशावर प्रेम कसं करावं हे कोणाले शिकायचं असन, तं त्यानं या माणसाकडे पाहावं!"

टाळ्या सुरू झाल्या. आधी मंडपातून, मग बायकांतून, मग चुन्याच्या रेषांमागून, साडेचारशे हातांच्या. कडेला मंगला तोंडाला पदर लावून गदगदत होती. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तिला वाटलं रडते आहे. मला मंगलाचे खांदे माहीत आहेत. ती हसत होती.

एक शब्द बोललो असतो तर सगळं स्पष्ट झालं असतं. मी टाळ्या ओसरू दिल्या. मग मागच्या ओळींतल्यांना दिसलं नसेल म्हणून खिशातून रुमाल काढला, झटकून मोकळा केला, आणि डोळे पुन्हा एकदा, जरा सावकाश, पुसले.